थांबाकाकांचं स्टूल

थांबाकाका आले हे मला त्यांच्या स्टुलावरून कळतं. घडीचं लोखंडी स्टूल आहे, उघडताना त्याचा एक पाय कुरकुरतो. गावभरची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा एक पाय काही दुरुस्त करता येत नाही, असं मी एकदा त्यांना टोचून बोललेसुद्धा. तर म्हणाले, असू द्या, मी आलोय हे लोकांना कळायला नको का? हे उत्तर मला पटलं, कारण मला दिसत नाही. जन्मापासूनच. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. आज आपल्याला ह्या माणसाबद्दल बोलायचंय, आणि त्या शनिवारबद्दल, ज्याची नुसती आठवण झाली तरी माझी बोटं अजून वळवळायला लागतात.

आमचा छापखाना अंधशाळेच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचा. तिथे ब्रेलची पुस्तकं निघतात, म्हणजे कागदावर उठलेले ठिपके बोटांनी चाचपून वाचायची पुस्तकं. माणसं दोन. एक माझी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला दिसतं, ती छापील पुस्तक समोर ठेवून कॉम्प्युटरवर टाइप करते. दुसरी मी. मी ते बोटांनी तपासते, चुका काढते, आणि उरलेल्या वेळात वहिनीच्याही चुका काढते. तयार झालेलं पुस्तक कॉम्प्युटर एम्बॉसरला पाठवतो. एम्बॉसर म्हणजे कागदावर ठिपके ठोकणारं धूड. ते चालू झालं की टेबल हादरतं, आणि आवाज असा की शाळेतली मुलं त्याला लोहार म्हणतात. एकोणतीस वर्षं मी त्या आवाजात काढली, आणि माझ्या हाताखालून एकही चुकीचं पान बाहेर गेलं नाही असं मी छाती ठोकून सांगायचे. सांगायचे, म्हटलं मी. ते लक्षात ठेवा.

आणखी एक सांगून ठेवते. आमच्याकडे एकही वस्तू बिननावाची नाही. पकडीसारखं एक हत्यार मिळतं, त्यानं प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीवर ब्रेल उठवता येतं. कपाटाचे खण, दिव्यांची बटणं, चहा-साखरेचे डबे, सगळ्यांवर मी नावं चिकटवली आहेत. पट्टी पारदर्शक, त्यामुळे डोळसांच्या ती डोळ्यांतही भरत नाही. रोज सकाळी आल्या आल्या, एकही यंत्र सुरू व्हायच्या आधी, मी खोलीत एक फेरी मारते आणि कोपरा सुटलेली पट्टी दिसली की अंगठ्यानं दाबून घट्ट बसवते. दिसली म्हणजे हाताला लागली; उगाच हसू नका. माझा भाऊ म्हणतो, हिच्यासमोर पाच मिनिटं गप्प बसू नका, तुमच्यावरही नाव डकवेल.

तर त्या महिन्यात आमच्याकडे काम होतं भूगोलाच्या बाईंचं. ह्या बाई डोळस मुलांच्या शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. दोन वर्षांपूर्वी आजारपणात त्यांची दृष्टी गेली. चाळिशी उलटल्यावर ब्रेल शिकणं म्हणजे काय असतं ते मला विचारा, कारण त्या इथे येऊन राहिल्या तेव्हा मीच त्यांना शिकवलं. बोटं राठ झालेली असतात, ठिपके एकमेकांत मिसळतात, रडू येतं. बाई रडल्या, चिडल्या, एकदा पाटी भिरकावून दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. चौदा महिन्यांत वाचायला लागल्या. हळू, पण चोख. त्यांच्या मुख्याध्यापकांनी खूप आढेवेढे घेऊन एवढं कबूल केलं होतं की सोमवारी सहावीच्या वर्गावर उभ्या राहा, आम्ही मागे बसून बघतो. धडा ऐनवेळी सांगू. जमलं तर वर्ग परत, नाही तर ऑफिसात बसून कागदांवर शिक्के मारायचे. बाईंनी मागितलं ते एकच, हातात स्वतःचं पुस्तक. त्यांचं गाव लांब, शनिवारी चारच्या बसनं ते गेलं तरच रविवारी संध्याकाळी त्यांना मिळणार होतं.

आणि आमच्या कॉम्प्युटरनं नेमका तोच मुहूर्त साधला. तीन आठवड्यांपासून तो चालता चालता बंद पडून आपला आपण पुन्हा सुरू व्हायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग चारदा. टाइप करताना क्वचित, छापताना हमखास. एम्बॉसर रंगात आलेला असायचा आणि एकदम गप्प. मग कॉम्प्युटर नव्यानं उठल्याची ती बारीक शिट्टी, मग वहिनीचा सुस्कारा. पान अर्धवट, आणि हा आपला दहा-दहा मिनिटं स्वतःची तपासणी करत बसायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर छापा म्हणाल, तर आमचा एम्बॉसर जुना, त्याची तार ह्या एकाच कॉम्प्युटरला बसते.

पहिल्यांदा दुकानातून एक जण आला. त्याला आम्ही झटपटवाला म्हणायचो. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यानं स्क्रू काढायला घेतले. वीज पुरवणारा डबा बदलला. पुढच्या खेपेला मेमरी बदलली. तिसऱ्या खेपेला अख्खं खोकं उचलून दुकानात नेलं, आणि तिथे ते शहाण्या बाळासारखं दोन दिवस अखंड चाललं. मशीन ठणठणीत आहे, तुमच्याच विजेत गडबड आहे, असं सांगून त्यानं ते परत आणून दिलं. आम्ही छापायला घेतलं आणि सातव्या पानावर त्यानं मान टाकली.

मग मी माझा निकाल लावून टाकला. दोष वहिनीचा. ती टेबलाचा खण धाडकन लावते, ती चहाची किटली त्याच बोर्डात खुपसते, ती नको तिथे हात लावते. वहिनी आधी हसली, मग चिडली, मग गप्प झाली. ती गप्प झाली की मला जास्तच राग येतो, भांडायला कुणी उरत नाही. गुरुवारी तिनं किटली पिशवीत घालून घरी नेली. दोन दिवस आम्ही बिनचहाचे काढले, आणि कॉम्प्युटर पडायचा तो पडतच राहिला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शहाण्णव पानांपैकी चाळीस झाली होती. त्या संध्याकाळी वहिनीनं मला न विचारता थांबाकाकांना फोन लावला.

शनिवारी साडेदहाला स्टूल कुरकुरलं. वहिनी सांगायला लागली की हा असा असा बंद पडतो, तर ते मऊ आवाजात म्हणाले, थांबा. मग मी सुरू केलं, वीज, मेमरी, वहिनी, किटली, सगळं. तर मलाही थांबा. त्यांचं नाव पडलंय ते ह्याच शब्दावरून. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठे, पण सगळं जग काका म्हणतं म्हणून मीही म्हणते.

"बिघाड सांगू नका," ते म्हणाले, "दिवस सांगा. सकाळी कुलूप उघडल्यापासून तुम्ही काय काय करता ते सांगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चारची बस, छप्पन्न पानं बाकी, आणि ह्यांना आमची दिनचर्या ऐकायची होती. मी म्हटलं, काका, इथे आग लागलीय आणि तुम्ही विहिरीची खोली विचारताय.  रोजच्यासारखं काम करा, मी बसतो, ते म्हणाले आणि बसले. वहिनीनं छपाई सुरू केली. एक्केचाळीस झालं, बेचाळीस झालं, त्रेचाळीसच्या मध्यावर धाडधाड थांबली, शिट्टी वाजली. काका नुसते 'हं' म्हणाले. त्या 'हं'मध्ये इतकं समाधान होतं की मला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करत होता तेवढ्या वेळात त्यांनी मला लिफ्टची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती, पण माझा श्वास कसा चाललाय ते त्यांना ऐकू येत असणार. तरुणपणी ते लिफ्ट दुरुस्त करायचे. एका आठमजली इमारतीतली लिफ्ट मधेच अडकायची. ह्यांनी तीन दिवस खपून मोटर उतरवली, तारा बदलल्या, पाटीभर सामान बदललं. चौथ्या दिवशी त्यांचे उस्ताद आले, लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसले आणि तासभर नुसते वरखाली करत राहिले. पाचव्या मजल्यावर एक आजोबा दार उघडून आपली काठी दाराच्या फटीला टेकवून उभे राहायचे, रोज, त्याच वेळी. बस, एवढंच होतं. पण त्या तीन दिवसांत सातव्या मजल्यावरच्या पांगळ्या बाईंना खाली उतरता आलं नाही, आणि त्यांची बहीण कायमची परदेशी गेली ती त्यांना न भेटता. उस्तादांनी जाताना ते स्टूल ह्यांना देऊन टाकलं. तेच हे, कुरकुरणारं.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. 

मग मी त्यांना दिवस सांगितला. नवीन काय आलं ह्या तीन-चार आठवड्यांत, त्यांनी विचारलं. मी ठासून सांगितलं, काही नाही. वहिनी म्हणाली, आलं काही नाही, पण गेलंय. एम्बॉसरची घडवंची मोडली म्हणून महिन्यापूर्वी आम्ही त्याला कॉम्प्युटरच्या टेबलावर आणून बसवलंय. हे खरंच होतं, आणि मला ते सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण घडवंची माझ्याच धक्क्यानं मोडली होती. काकांनी लगेच एम्बॉसर खाली जमिनीवर घ्यायला लावला. झालेली पानं फाडून टेबलाच्या कडेला ठेवली, नवा कागद लावला, त्रेचाळीसपासून पुन्हा सुरू केलं. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. पंचेचाळीस.  आता सापडलं, आता सुटलं, असं मी म्हणतच होते आणि वहिनीनं पिन शोधायला खण ओढला. शेहेचाळीसच्या दुसऱ्याच ओळीवर शिट्टी.

वहिनी रडकुंडीला आली. खण मीच ओढला, वन्सं म्हणतात ते खरंच आहे, असं काहीतरी पुटपुटली. ती मला वन्सं म्हणते ती एरवी चिडवायला. ह्या वेळी खरोखरच म्हणाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र उठून उभे राहिले. त्यांना मी उभं राहताना प्रथमच ऐकत होते.

धक्का लागला की हा पडतो, ते म्हणाले, म्हणून दुकानात पडला नाही, तिथे घण घालणारं कुणी नव्हतं. पण खण ओढल्यानं कॉम्प्युटर पडावा असा खणाचा काय गुन्हा? धक्का हे निमित्त आहे. मग त्यांनी मला खोक्याजवळ बसवलं. वहिनी मुद्दाम खण ओढेल, कॉम्प्युटर मुद्दाम पाडायचा, आणि त्या क्षणी आतला पंखा काय करतो ते मी सांगायचं. तुमच्या कानाला जे कळेल ते माझ्या मीटरला कळणार नाही, म्हणाले. आणखी दहा मिनिटं जाणार होती, बारा वाजून गेले होते, पण एकोणतीस वर्षांत कुणी माझ्या कानाला असं काम दिलं नव्हतं. मी मांडी ठोकून बसले आणि खोक्याला कान लावला.

वहिनीनं खण ओढला. पडला.

पंखा थांबला का, काकांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मंदावला का? नाही, मंदावलासुद्धा नाही. उलट क्षणभर जोरात फिरला, सकाळी बटण दाबल्यावर फिरतो तसा, आणि मग नेहमीसारखा.

"मग हा उपाशी पडत नाहीये," काका म्हणाले, आणि त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदा वर चढला. "वीज जात असती तर पंखा आधी मेला असता. ह्याला कुणीतरी सांगतंय, ऊठ, पुन्हा सुरू हो. हा आपला आज्ञाधारक."

खरंच सांगते, तीन आठवडे आम्ही रोगी रोगी म्हणून ज्याला औषधं पाजत होतो तो धडधाकट होता, फक्त कुणाचं तरी ऐकत होता. कुणाचं? काकांनी सांगितलं, हुकूम आतून येतो नाही तर बाहेरून. आतला असेल तर कॉम्प्युटर स्वतःच त्याची नोंद ठेवतो. त्यांनी वहिनीला पडद्यावर ती नोंदवही उघडायला लावली आणि तिनं एकेक ओळ वाचून दाखवली. प्रत्येक वेळी तेच लिहिलेलं, की मला नीट बंद न करता अचानक सुरू केलं गेलं, कारण ठाऊक नाही. बिचारा तीन आठवडे तक्रार लिहीत होता आणि आम्ही कुणी वाचली नव्हती.

"म्हणजे बाहेरून," काका म्हणाले. "बाहेरून हुकूम द्यायला एकच जागा. रीसेटचं बटण. कुठंय ते?"

मी हसले. म्हटलं, काका, तिकडे वेळ घालवू नका, त्याला कुणाचा हात लागणं शक्यच नाही. मी लिहूनच ठेवलंय त्यावर.

स्टूल कुरकुरलं नाही, वहिनीच्या बांगड्या वाजल्या नाहीत, कुणी खोकलंसुद्धा नाही. पंखा तेवढा फिरत होता.

"काय लिहिलंय?" काकांनी विचारलं, अगदी हळू.

मी खोक्याच्या पुढच्या बाजूवर हात फिरवला. वरचं मोठं बटण चालू करायचं, त्याखाली वाटाण्याएवढं रीसेटचं. त्यावरून आडवी गेलेली माझी पट्टी, दोन्ही टोकं खोक्याला घट्ट चिकटलेली, चांगली ताणून बसलेली, आणि पट्टीखाली ते बटण आत चेपलेलं. मी वाचलं. वाचायची गरज नव्हती, मीच लिहिलं होतं, पण माझं बोट आपोआप पुढे गेलं.

"हात लावू नये."

तीन आठवड्यांपूर्वी घाईत माझंच बोट चुकून त्या बटणावर पडलं होतं आणि टाइप केलेलं पानभर काम गेलं होतं. त्याच दिवशी मी ही पट्टी लावली. आणि रोज सकाळी, कॉम्प्युटर बंद असताना, फेरी मारता मारता तिला अंगठ्यानं दाबून घट्ट बसवत होते. पट्टी बटणाला अर्धं आत धरून ठेवत होती, आणि लोहाराचा एखादा घण त्याला उरलेलं अर्धं आत ढकलत होता. कॉम्प्युटरला ऊठ, पुन्हा सुरू हो, असं सांगणारी मी होते. दिवसातून चारदा.

काकांनी नखानं पट्टी सोडवली. बटण बाहेर आलं, टिक. इतका बारीक आवाज, दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसेल. मला तो अजून ऐकू येतो.

वहिनी काय बोलेल ह्याची मी वाट बघत होते. तिला हक्क होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, तीन आठवडे, रोज. ती एवढंच म्हणाली, वन्सं, काखेत कळसा. पुढचं बोललीच नाही, कारण तिला हसू फुटलं, आणि मग मलाही, आणि आम्ही दोघी नणंदा-भावजया एकमेकींचे खांदे धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हसणं ओसरल्यावर मी तिला म्हटलं, चुकलं माझं, किटली परत आण. सगळ्या आयुष्यात मी तिला चुकलं म्हटल्याची ही पहिली खेप. ती म्हणाली, आधी पुस्तक.

दोन वाजले होते. दोन ओळींचं शेहेचाळीस वहिनीनं फाडून फेकलं. शेहेचाळीस ते शहाण्णव, एकावन्न पानं, पानाला एक मिनिट. एम्बॉसर पुन्हा टेबलावर चढवला, कारण जमिनीवर कागद वाकडा जात होता, आणि काकांनी वहिनीला मुद्दाम तो खण दोनदा आपटायला लावला. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. मग जे सुरू झालं ते काय सांगू. पन्नास, साठ, सत्तर. मी दर पानाला आकडा ओरडत होते, ठिपक्यांच्या पावसात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. वहिनी भोकं पाडून बांधणीची तयारी करत होती. आणि थांबाकाका, ज्यांनी उभ्या जन्मात कशाची घाई केली नाही, ते पानं फाडून रचायला लागले. मी रोज प्रत्येक पानावरून बोट फिरवते. त्या दिवशी फिरवलं नाही. फिरवायला बसले असते तर बस गेली असती.

साडेतीनला पुस्तक बांधून झालं. काकांनी स्कूटर काढली, वहिनी पुस्तक पोटाशी धरून मागे बसली, आणि ते गेले. खोली एकदम रिकामी झाली. मी चाचपत गेले तर पायाला स्टूल लागलं. काका स्टूल विसरले होते. मी त्याच्यावर बसले आणि हातात फोन धरून राहिले, चार वाजेपर्यंत, चार वाजून पाच मिनिटांपर्यंत. मग वहिनीचा फोन. धापा टाकत होती. गेली, म्हणाली, पुस्तक घेऊन गेली.

सोमवारी दुपारी काका स्टूल न्यायला आले. किटली उकळत होती. चहा ओतणार तेवढ्यात भूगोलाच्या बाईंचा फोन आला. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. बाई म्हणाल्या, ताई, पुस्तक मला रविवारी संध्याकाळी मिळालं, रात्री पस्तिसाव्या पानापर्यंत वाचून झालं, पुढे डोळा लागला. सकाळी मुख्याध्यापकांनी धडा सांगितला नदीचा. तो बेचाळीसपासून. मी उभी राहिले, वाचत वाचत शिकवायला लागले, आणि त्रेचाळीसाव्या पानाच्या मध्यावर अक्षरं संपली.

 अर्धवट पान. काकांसमोर पहिल्यांदा पडला तेव्हाचं. टेबलाच्या कडेला ठेवलेल्या पानांत ते तसंच राहिलं, काकांनी ते रचलं, आणि मी बोट फिरवलं नाही. काकांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"खाली कोरा कागद," बाई सांगत होत्या. "मुलं बघतायत, मागे मुख्याध्यापक बसलेत. मी थांबले. आणि ताई, मला पुढचं येत होतं. डोंगरातून सुटलेली नदी सपाटीवर आली की तिचा वेग कमी होतो, आणि इतका वेळ बरोबर वाहून आणलेला गाळ ती खाली ठेवायला लागते. वीस वर्षं मी हेच शिकवलंय. मी कागदावरचा हात उचलला आणि बोलत राहिले. फळ्यापाशी गेले, खडूनं नदी काढली. सगळं सांगून झाल्यावर पुस्तकापाशी आले, पान उलटलं, तर दुसरं त्रेचाळीस. पूर्ण. त्यावर बोट ठेवलं. मी जे बोलले होते तेच लिहिलेलं होतं, ओळीन् ओळ."

  दोन वर्षं त्या बाईंना वाटत होतं की जे काही होतं ते डोळ्यांबरोबर गेलं. काकांनी विचारलं, मग वर्ग?

"माझा," बाई म्हणाल्या.

वहिनी मोठ्यानं रडायला लागली आणि मी तिला ओरडले की चहा सांडेल, आणि ओरडता ओरडता मीही रडत होते. अर्ध्या पानाची माफी मागून मी बाईंना म्हटलं की ते काढून टाकायला कुणाला तरी पाठवते. त्या म्हणाल्या, पाठवू नका, ते पान माझ्या पुस्तकात राहू दे.

काकांनी चहा संपवला, स्टुलाची घडी घातली. दारापर्यंत जाऊन म्हणाले, जन्मात एकदा घाई केली मी. मी म्हटलं, आता पुन्हा करू नका, दर वेळी नशीब साथ देत नाही. ते हसत हसत गेले.

रीसेटच्या बटणावर आता पट्टी नाही. बाकीच्या सगळ्या आहेत, आणि सकाळची फेरीही आहे, पण ती आता वहिनी आणि मी मिळून मारतो, चहा पीत. आणि एकोणतीस वर्षांत माझ्या हाताखालून एकच चुकीचं पान बाहेर गेलं, असं मी हल्ली छाती ठोकून सांगते.